सिसिंगहर्स्टची पांढरी बाग, सुई-दोऱ्याने

इंग्लंडच्या केंट परगण्यात सिसिंगहर्स्ट नावाची जुनी इस्टेट आहे. सोळाव्या शतकात इथे विटांचा मोठा वाडा होता, १५७३ मध्ये पहिली एलिझाबेथ राणी तिथे मुक्कामाला आली होती. पुढे सात वर्षांच्या युद्धात (१७५६–१७६३) तिथे फ्रेंच कैदी डांबले गेले, आणि १८०० च्या आसपास वाड्याचा बहुतेक भाग पाडला गेला. १९३० मध्ये कवयित्री व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचा नवरा हॅरॉल्ड निकल्सन यांनी ही जागा विकत घेतली, तेव्हा तिथे एक उंच मनोरा, काही सुट्या इमारती, पडक्या भिंती आणि ढीगभर कचरा एवढंच उरलं होतं. आज जगभरातून लोक जी बाग बघायला येतात ती या दोघांनी घडवली. १९६७ पासून ती जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

भरतकाम करणाऱ्याने या बागेची एक गोष्ट आधी समजून घ्यावी. आखणी हॅरॉल्डची, लागवड व्हिटाची. त्याने यू या सदाहरित झाडाच्या कातरलेल्या कुंपणांनी, सरळ वाटांनी आणि भिंतींनी मोकळ्या जागेच्या खोल्या पाडल्या. तिने त्या खोल्या फुलांनी इतक्या भरल्या की कडा दिसेनाशा झाल्या. आपलं चित्र याच क्रमाने भरायचं: आधी सरळ रेघा आणि गडद हिरवा, मग फुलं. बागेची बहुतेक भरतकामं फसतात ती फुलांपासून सुरुवात केल्यामुळे. गुलाब सुंदर होतात, पण मागे काहीच उभं नसल्यामुळे ते उशीच्या अभ्र्यावरची नक्षी वाटतात.

हा लेख नवशिक्यांसाठी नाही. धावदोरा, उलटी टीप, साखळी, लेझी डेझी, लांब-आखूड टाका आणि गाठीचा टाका (फ्रेंच नॉट) तुम्हाला येतो असं धरून पुढे लिहिलं आहे.

दृश्य कोणतं निवडाल

सिसिंगहर्स्टमध्ये चित्राजोग्या जागा पुष्कळ आहेत. साउथ कॉटेजपुढची पिवळी-केशरी बाग, यूच्या गोल कुंपणाभोवतीची गुलाबबाग, हेझलच्या झाडांची राई. मी सुचवते ती १९५० च्या सुमारास घडवलेली पांढरी बाग: पुढे गुलाबाचा मांडव, मधे यूची गडद भिंत, आणि तिच्यावरून डोकावणारा गुलाबी विटांचा मनोरा. पांढऱ्या फुलांचा पांढरेपणा मागच्या गडद हिरव्यामुळेच उठतो, त्यामुळे आखणीचं महत्त्व या दृश्यात आपोआप कळतं.

बाग प्रत्यक्ष पाहिली असेल तर स्वतःचे फोटो वापरा. लंडनहून दिवसभरात जाऊन येता येतं, त्यामुळे तिथे राहणाऱ्या लेकी-सुनांकडून दोन-चार फोटो मागवणं काही अवघड नाही. इंटरनेटवरचा दुसऱ्याचा फोटो जसाच्या तसा उतरवून चित्र विकायला ठेवू नका. हक्क फोटो काढणाऱ्याचा असतो. वेगवेगळे फोटो बघून स्वतःची रेखाकृती काढली तर तो प्रश्न उरत नाही, आणि चित्रही चांगलं होतं.

महिना मात्र एकच धरा. मांडवावर चढवलेला रोझा मुलिगानी हा गुलाब जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला फुलतो, आणि तेव्हाच त्याचा पांढरा ढग होतो. त्याच्या शेजारी ट्यूलिप भरले तर बागकाम जाणणारा माणूस लगेच हसेल. जुलैत तिथे उंच तुऱ्यांचं डेल्फिनियम, पांढऱ्या रीगल लिली आणि रुपेरी पानांची झाडं दाखवा.

माप आणि रेखाकृती

चित्र २० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच ठेवा. यापेक्षा लहान केलं तर मनोऱ्याच्या खिडक्या बसत नाहीत, मोठं केलं तर नुसतं कुंपण भरतानाच हात टेकाल. कापड चारही बाजूंनी ८ सेंटिमीटर जास्त घ्या, म्हणजे ३६ बाय ४१.

वरचे ४ सेंटिमीटर मोकळं आकाश. त्याखाली मनोऱ्याचा दिसणारा भाग साधारण ९ सेंटिमीटर, मध्यावर नाही तर थोडा उजवीकडे. मग ३ सेंटिमीटर उंचीची यूची आडवी भिंत. उरलेल्या खालच्या भागात बॉक्सवूड या कातरता येणाऱ्या झुडपाच्या बुटक्या कडांनी आखलेले वाफे, मधली वाट, आणि डावीकडे मांडव. मांडवाचा माथा कुंपणाच्या वर जाऊन मनोऱ्याच्या पायथ्याला किंचित झाकू द्या. एका वस्तूने दुसरीला झाकलं की खोली न सांगता कळते.

रेखाकृतीत फक्त या गोष्टी काढा: मनोऱ्याच्या कडा आणि खिडक्या, कुंपणाची वरची रेघ, वाफ्यांच्या कडा, मांडवाच्या कमानी. एकही फूल काढू नका. फुलांच्या जागी नुसते ढगासारखे गोल पुरेत.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना: मनोऱ्याची उभी रेघ कापडाच्या उभ्या ताण्यावर नेमकी बसवा. कापडातला एक धागा ओढून काढला तर सरळ रेघ मिळते, तिच्यावर ट्रेसिंग पेपर जुळवा. मनोरा दोन मिलिमीटर कलला तरी तो इटलीतल्या पिसाच्या झुकत्या मनोऱ्यासारखा वाटतो, आणि विटांचे आडवे टाके घालताना कापडाची वीण तुम्हाला सतत एका बाजूला ओढत राहते.

कापड, दोरा, फ्रेम

घट्ट विणीचं सुती कापड घ्या. केसमेंट चालेल, लिनन असेल तर उत्तम. मॅटी नको, तिच्या चौकटी बारीक टाक्यांत आडव्या येतात. रंग पांढरा नको. फिकट राखाडी-निळं कापड घेतलं तर आकाश फुकटात मिळतं आणि पांढरी फुलं उठून दिसतात. इंग्लंडचं आकाश तसंही बऱ्याचदा त्याच रंगाचं असतं. आकाश निळ्या दोऱ्याने भरायचा मोह टाळा. एवढा मोठा सपाट भाग भरला की कापड आवळतं आणि सुरकुत्या पडतात, त्या इस्त्रीनेही जात नाहीत.

मागून मांजरपाटाचं अस्तर लावा. दोन्ही कापडं आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरं मांजरपाट चांगलंच आटतं. ते नंतर आटलं तर पुढचं सगळं काम गोळा होईल. दोन्हींचे ताणे एका दिशेला ठेवून कडेने मोठ्या धावदोऱ्याने जोडा.

चित्र उतरवायला पाण्याने जाणारं पेन वापरा, पण काम धुतल्याशिवाय त्यावर इस्त्री फिरवू नका. उष्णतेने ती शाई पक्की बसते. उष्णतेने पुसली जाणारी जेल पेनं हल्ली सगळीकडे मिळतात. ती मी या कामाला वापरत नाही. त्यांची शाई जात नाही, फक्त अदृश्य होते, आणि कडक थंडीत पुन्हा दिसायला लागते. चित्र परदेशी भेट म्हणून जाणार असेल तर विमानाच्या सामानकक्षातच तुमच्या रेघा परत येऊ शकतात.

गोल रिंग या कामाला नको. ती सरकवत न्यावी लागते आणि भरलेल्या गाठी चेपतात. चित्रकाराच्या कॅन्व्हासची लाकडी चौकट घेऊन तिच्यावर कापड ढोलकीच्या पानासारखं ताणून ड्रॉइंग पिनांनी पक्कं करा.

दोरा नेहमीचा सहापदरी सुती. लडी ८ मीटरची येते. डीएमसी कंपनीच्या दोऱ्याचे नंबर देते. अँकर कंपनीचे नंबर वेगळे असतात, तेव्हा दुकानातलं शेडकार्ड जुळवून बघा. विटांना ३५६, ३७७८, ७५८ आणि सावलीला ४०७. यूला ५०० आणि ८९५, उजेडाच्या कडेला ३३४५. बॉक्सवूड आणि साध्या पानांना ३०५१, ३०५२. रुपेरी पानांना ५२२, ५२४, ३०५३. पांढऱ्यासाठी चार: ७६२, ७१२, ३८६५ आणि बी५२००. यादीत काळा कुठेच नाही, आणि तो आणूही नका. सुई एका पदराला १० नंबरची, दोन पदरांना ९, तीन पदरांना ७. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक.

पदरांचा एक नियम शेवटपर्यंत पाळा: लांबचं एका पदराने, मधलं दोन पदरांनी, जवळचं तीन पदरांनी. बागेतल्या खोलीचं निम्मं काम या नियमानेच होतं.

मनोरा

मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना अष्टकोनी बुरूज आहेत, त्यांच्यावर निमुळती छपरं आणि टोकाला वातकुक्कुट. प्रत्येक बुरुजाच्या समोरून तीन बाजू दिसतात. प्रकाश डावीकडून येतो असं ठरवा आणि कागदावर बाण काढून समोर चिकटवा. डावी बाजू ७५८ ने, मधली ३७७८ ने, उजवी ३५६ आणि ४०७ चे टाके आलटून पालटून. मधल्या सपाट भिंतीला ३७७८ आणि ३५६ आलटून पालटून.

टाका साधा आडवा, एका पदराचा, ४ ते ५ मिलिमीटर लांब. पुढच्या ओळीत टाके अर्ध्याने सरकवा, गवंडी विटा लावतो तसे. एकेक वीट दाखवायचा प्रयत्न करू नका. या मापात वीट सुईच्या टोकाएवढीही येत नाही. आपल्याला विटांचा रंग आणि आडवा थर एवढंच सुचवायचं आहे. सगळे टाके एका लांबीचे झाले तर भिंत नवी कोरी वाटते, म्हणून मधेच एखादा आखूड घाला, मधेच ७५८ चा एखादा टाका टाका. साडेचारशे वर्षांची वीट आहे ती.

खिडक्या आधी भरून घ्या, भिंत त्यांच्या भोवती. काच गडद राखाडी-निळ्या एका पदराने उभ्या भरीव टाक्यात, आणि चौकटीच्या फिकट दगडी रेघा सगळ्यात शेवटी, एका पदराच्या सरळ टाक्याने. इथे नजर ताणावी लागते. दिवसा उजेडात करा, भिंग असेल तर लाजू नका.

मनोऱ्याच्या कडेला उलट्या टिपेची बाह्यरेखा काढायची सवय अनेकींना असते. ती इथे मोडा. कड फक्त दोन रंग भेटतात तिथे तयार झाली पाहिजे. बाह्यरेखा आली की मनोरा कापून चिकटवल्यासारखा होतो. छपरांचे टाके मात्र टोकाकडून खाली पसरत जाऊ द्या, म्हणजे निमुळता आकार येतो. वातकुक्कुट म्हणजे दोन-तीन सरळ टाके, बस.

यूची भिंत

हा भाग कंटाळवाणा आहे आणि चित्र यावरच उभं आहे.

यू हा सदाहरित सूचिपर्णी वृक्ष. तो कातरून भिंतीसारखा सपाट ठेवता येतो, म्हणून इंग्रजी बागांत त्याची कुंपणं शतकानुशतकं चालत आली आहेत. वरची कड पट्टी लावून कापल्यासारखी असते. म्हणून गाठीचे टाके इथे अजिबात नकोत. त्यांनी कड विस्कटते. दोन पदर, एक ५०० चा आणि एक ८९५ चा, एकाच सुईत घ्या आणि २ ते ३ मिलिमीटरचे उभे टाके दाट, खालीवर सरकवत भरा. खालचं कापड कुठेही दिसता कामा नये. कापड दिसेल अशी धास्ती असेल तर भरण्याआधीच त्या भागावर गडद हिरव्या फॅब्रिक पेंटचा पातळ हात द्या, काही बिघडत नाही.

वरच्या कडेचे २ मिलिमीटर ३३४५ ने. ही उजेडाची रेघ आली की सपाट हिरवा पट्टा एकदम जाड भिंत होतो. मांडव जिथे पुढे येणार आहे त्याच्या मागेही भिंत पूर्ण भरा. वाचवलेला दोरा पुढे फुलांमधल्या फटींतून उघडा पडतो.

वाफे, वाट, मांडव

बॉक्सवूडच्या बुटक्या कडा गाठीच्या टाक्यांनी, दाट. लांबच्या कडेला एक पदर आणि एक वेढा, जवळच्या कडेला तीन पदर आणि एक वेढा. वेढे वाढवून गाठ मोठी करू नका, ती लोंबते, पदर वाढवा. समोरच्या कडा दूर जाताना एकमेकींकडे झुकतील, तिथे गाठी आकाराने लहान आणि ओळीने अरुंद होत गेल्या पाहिजेत. वाट फिकट विटकरी-राखाडी आडव्या टाक्यांत, दूरचे टाके आखूड.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात स्टोक ईडिथ नावाच्या इस्टेटीतला एक भरतकाम केलेला मोठा भिंतपडदा आहे, १७१० ते १७२० च्या दरम्यानचा. लिननच्या जाळीदार कापडावर रेशीम आणि लोकरीने एक आखीव बाग भरली आहे: वाफे, कारंजी, कुंड्यांतली संत्र्याची झाडं, फिरायला आलेली माणसं. त्यातले काही तपशील वेगळे करून वरून जोडले आहेत. चित्रं मिळाली तर नीट बघा. वाफ्यांच्या कडा किती ठाम आहेत आणि त्यामुळे बाकीची गर्दी कशी पेलली जाते, हे तीनशे वर्षांनंतरही शिकण्यासारखं आहे.

मांडवाचा सांगाडा लोखंडी आहे. पूर्वी तिथे बदामाची झाडं होती आणि त्यांच्यावर गुलाब चढवले होते. गुलाबांच्या भाराखाली झाडं मेली, तेव्हा हा सांगाडा आला. आपणही सांगाडा आधी उभा करू. फुलवाल्यांची बारीक तार गडद राखाडी दोऱ्याने गुंडाळा, कमानीच्या आकारात वाकवा, आणि एका पदराच्या आडव्या टाक्यांनी कापडावर बसवून टाका. तारेची दोन्ही टोकं मागच्या बाजूला नेऊन वळवून पक्की करा, नाहीतर पुढे कापड फाडतील. तार मिळाली नाही तर स्टेम टाक्याच्या दोन ओळीही चालतात, फक्त उठाव कमी येतो.

कमानीवर ३०५१ आणि ३०५२ ची बारीक लेझी डेझी पानं, विरळ. मग फुलं, आणि ती तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत मांडवभर ७६२ च्या गाठी: हा राखाडी आहे, आणि सावलीतला पांढरा गुलाब राखाडीच दिसतो. दुसऱ्या फेरीत ७१२ आणि ३८६५, उजवीकडची सावली सोडून. तिसऱ्या फेरीत बी५२००, फक्त डावीकडच्या माथ्यावर, मोजक्या गाठी. बी५२०० सगळीकडे घातला की मांडव चुन्याने रंगवल्यासारखा होतो. पिवळा मध्य प्रत्येक फुलाला नको, अगदी पुढच्या पाच-सहा फुलांना पुरे. मधून हिरवं आणि थोडंसं यूचं काळपट दिसत राहू द्या.

पुढचे ताटवे

इथे व्हिटाची पाळी. आतापर्यंत पट्टी लावून काम केलं, आता हात सैल सोडा.

रुपेरी पानांपासून सुरू करा. स्टॅकिस आणि आर्टेमिसियासारखी राखाडी-हिरवी पानं पांढऱ्या फुलांना जोडून ठेवतात. ती नसतील तर फुलं सुटी सुटी ठिपक्यांसारखी दिसतात. ५२४ चा एक पदर आणि ५२२ चा एक पदर मिसळून फेदर स्टिच किंवा आखूड सरळ टाके. उंच रुपेरी काटेरी झाड, ओनोपॉर्डम, एका कोपऱ्यात येऊ द्या; त्याच्या उभ्या रेषेने मनोऱ्याला जोडीदार मिळतो. डेल्फिनियमचे तुरे खालून वर लहान होत जाणाऱ्या गाठींनी, खाली तीन पदर, टोकाला एक, आणि अगदी टोकाच्या कळ्या फिकट हिरव्या. लिलीला लेझी डेझीच्या तीन-तीन पाकळ्या, ३८६५ मध्ये, तोंड थोडं खाली.

अगदी समोरचा एखादा ताटवा सुट्या कापडावर भरून, कडेने कापून, चित्रावर शिवता येतो. एलिझाबेथच्या काळात इंग्लंडमध्ये असे फुलांचे तुकडे जाळीदार कापडावर भरून, कापून मखमलीवर लावत. त्यांना स्लिप म्हणत. आपण पातळ सुती कापड घ्यायचं, कडेला दाट काजटाका घालायचा, आणि कापताना टाका कापला जाणार नाही इतकीच कड सोडायची. तुकडा फक्त खालून शिवा, वरची पानं मोकळी सुटू द्या. कधीकधी हा एकच तुकडा चित्राला जिवंत करतो, पण दोनापेक्षा जास्त लावले की सगळं भेटकार्डासारखं दिसायला लागतं.

शेवटी काही फुलं बॉक्सवूडच्या कडेवरून वाटेवर सांडू द्या. ज्या कडा इतक्या काळजीने आखल्या त्याच तिसऱ्या-चौथ्या ठिकाणी झाकायला जीव होत नाही, पण झाका.

धुणं, ताणणं, फ्रेम

एखाद्या लडीचा रंग सुटतो, विशेषतः गडद विटकरी आणि गडद हिरव्याचा. म्हणून भरण्याआधीच दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून बघा. काम झाल्यावर थंड पाण्यात बुडवून पेनाच्या रेघा काढा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा. किंचित ओलं असताना जाड टॉवेलवर पालथं घालून मागूनच हलकी इस्त्री करा. तार लावली असेल तर त्या भागावर इस्त्री नेऊ नका.

आम्लविरहित पुठ्ठा २० बाय २५ चा कापा, त्यावर चित्र बसवा आणि मागून कापडाच्या समोरासमोरच्या कडा जाड दोऱ्याने एकमेकींकडे ओढून बांधा. आधी उभ्या, मग आडव्या. डिंक किंवा फेव्हिकॉल वापरू नका. काही वर्षांत त्याचे पिवळे डाग पुढे येतात. फ्रेमवाल्याला काच गाठींना टेकणार नाही एवढं अंतर ठेवायला स्पष्ट सांगा. साधारण ६ ते ८ मिलिमीटरची पट्टी काच आणि कापडाच्या मधे लागते. न सांगितल्यास बहुतेक जण काच थेट चित्रावर दाबतात आणि मांडव सपाट होतो.

मुंबई-कोकणात किंवा गोव्यात चित्र राहणार असेल तर फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना कॉर्कचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्राच्या मधून हवा खेळते. बाहेरच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर ते लावू नका. ऊनही नको: सुती दोऱ्यातला गुलाबी-विटकरी रंग उन्हात विटतो, आणि मग मनोरा फिका पडून मागे सरतो.